पुलापाशी विझणारा दिवा

पहिल्यांदा काय खटकलं सांगू? दिवा थांबला. विझला नाही, नीट ऐका, थांबला. आता तुम्ही म्हणाल, सायकलचा दिवा आहे, सायकल थांबली की दिवा थांबणारच, त्यात एवढं घाबरायचं काय... तर तसं नाही ना. आमच्या फेन्नाआत्याचा दिवा उभ्या आयुष्यात कधी थांबलेला नाही. तो एक तर चालतो, नाही तर विझतो. डायनामोचा दिवा तो, चाक फिरतंय तोवर उजेड, चाक थांबलं की गुडुप, मधली अवस्थाच नाही. आणि परवा गुरुवारी, डिसेंबरचे दिवस, पाचच वाजलेत पण बाहेर काळामिट्ट अंधार, मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बटाटे सोलत उभी, आणि तिकडे लांब बांधावर, पुलापाशी, तो पांढराशुभ्र दिवा आपला उभा. हलत नाही, विझत नाही, कालव्याच्या पाण्याकडे तोंड करून उभा. माझ्या हातातला बटाटा सिंकमध्ये पडला आणि त्या आवाजानं मीच दचकले.

दिवा उत्तम आहे, हे आधीच सांगून ठेवते. दिव्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मीच बसवलाय.

आता मुळापासून सांगायला हवं, नाही तर तुम्हाला वाटायचं ही मुलगी उगाच घाबरते. म्हणजे मी घाबरतेच, टोस्टरमधून पाव वर आला तरी मी एक पाऊल मागं जाते, पण या वेळी कारण होतं. फेन्नाआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, आणि मी तिच्याकडे वरच्या खोलीत राहते. कॉलेज झालं, कलेच्या इतिहासात पदवी घेतली, आणि मग लक्षात आलं की कलेच्या इतिहासाची तातडीनं गरज असलेलं हॉलंडमध्ये कुणीच नाहीये. आत्या म्हणाली, "ये इकडे, खोली रिकामी आहे, बटाटे सोलता येतात ना?" म्हणून आले. क्लाइनडीप आमचं गाव, ग्रोनिंगनच्याही वरच्या अंगाला. सपाट म्हणजे किती सपाट, बांधावर कुणी शिंकलं तर इकडे खिडकीतून दिसतं. आणि पडदे तर आमच्यात कुणी लावत नाही. पडदा लावला की लोक विचारतात, काय झालंय त्यांच्याकडे.

तर आत्या दर गुरुवारी पलीकडच्या गावातल्या चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला जाते. सायकलनं. सायकल तिच्या लग्नातली, काळी, उंच हँडलची, पुढे क्रोमचा वाटोळा दिवा, टायरला घासणारा बाटलीसारखा डायनामो. तो लागला की घूंऽऽऽ असा आवाज येतो, चिडलेल्या गांधीलमाशीसारखा. आणि उजेड किती? उदबत्तीएवढा. पण तेवढा पुरतो. कारण आत्याला रस्ता पाठ आहे, आणि गावाला आत्या पाठ आहे. साडेचारला सराव संपला की बांधावर एक पिवळा ठिपका निघतो, शेजारच्या डायकेमाबाई आपल्या खिडकीतून बघतात, म्हणतात, "निघाली फेन्ना." ठिपका पुलापाशी येतो. आणि पुलापाशी विझतो.

दर गुरुवारी. पुलापाशी. विझतो.

मग अर्धा तास काही नाही. मग पुलाच्या अलीकडे पुन्हा घूंऽऽऽ, पुन्हा ठिपका, आणि सहाच्या आत आत्या घरात, गाल लाल, केस विस्कटलेले, आणि दर वेळी तेच वाक्य: "समोरून वारा होता गं." मी एकदा म्हटलं, "आत्या, जाताना पण समोरून, येताना पण समोरून, वारा वळतो कुठे?" तर म्हणाली, "पुलापाशी." आणि दिव्याचं काय, तर म्हणे डायनामो घसरतो. पुलापाशी पाणी साचतं, टायर ओला होतो, डायनामो घसरतो, दिवा जातो, मग ती आपली उतरते आणि अंधारात सायकल ढकलत चालते, टायर वाळेपर्यंत. आता बघा. एका बाजूला कालवा, कठडा नाही, अंधार, आणि चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. मी तर दिवसासुद्धा तिथून जाताना सायकलवरून उतरून... जाऊ दे.

बरं, हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण डायकेमाबाईंना कुठं राहवतंय? त्यांनी येल्मरला कळवलं. येल्मर म्हणजे आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, शहरात सातव्या मजल्यावर राहतो आणि तिथून सगळ्यांची काळजी करतो. आला तो रविवारी. कॉफी झाली, कॉफीबरोबरचं एक बिस्किट झालं, आणि त्यानं बशी सरकवली. येल्मरनं बशी सरकवली की समजायचं.

"आई, सायकल पुरे आता."

"का? चाकं आहेत की दोन."

"अंधारात कालव्याच्या कडेनं चालतेस तू. डायकेमाबाई सांगत होत्या."

"डायकेमाबाईंनी खिडकी पुसली की त्यांना काहीही दिसतं."

"माझ्या इमारतीत खालचा फ्लॅट रिकामा होतोय. लिफ्ट आहे. दुकान खालीच आहे. सायकल लागतच नाही."

आत्या खिडकीतून बांधाकडे बघत राहिली. आता तुम्हीच सांगा, क्लाइनडीपमध्ये बस सकाळी एक आणि दुपारी एक, तीही शाळेला सुट्टी असली की येत नाही. सायकल गेली की गाणं गेलं, दुकान गेलं, आणि मग आत्या गेलीच, लिफ्टच्या इमारतीत, खाली बघायला दुसऱ्याची गच्ची. आणि माझ्या तोंडून, मला कुणी विचारलेलं नसताना, मी एरवी बेकरीतसुद्धा आपला नंबर आला हे सांगायला लाजते, माझ्या तोंडून निघून गेलं, "मी दिवा बदलून देते. एलईडी लावते. घसरला तरी जाणार नाही असा."

येल्मर म्हणाला, "तू?"

ते "तू" अजून माझ्या कानात आहे.

"बघू," म्हणाला. "नाताळपर्यंत. परत एकदा जरी ती अंधारात सापडली, तरी सायकल माझ्या गाडीच्या टपावर."

झालं, बसले मी. तुम्हाला वाटतं दिवा बदलणं म्हणजे बल्ब काढला, बल्ब लावला? मलाही तसंच वाटलं. आणला एक स्वस्तातला एलईडी बल्ब, लावला. चाक फिरवलं तर तो लुकलुक लुकलुक, डोळा मारल्यासारखा. आता आमच्याकडे लुकलुकणारा दिवा सायकलला चालत नाही, पोलीस थांबवतात, आणि पोलीस थांबवणार या विचारानंच मला रात्रभर झोप नाही. मग वाचायला लागले. इंटरनेटवर पुरुषमंडळींच्या चर्चा असतात, डायनामोवर, पानंच्या पानं, एकमेकांचा जीव घ्यायला उठलेले असतात. त्यातनं एवढं कळलं की डायनामोचा प्रवाह एकदा इकडून येतो, एकदा तिकडून, आणि एलईडीला तो एकाच बाजूनं लागतो. म्हणजे बघा, दिवा येल्मरसारखा आणि डायनामो आत्यासारखा. मध्ये समजूत घालणारं कुणी तरी लागतं. तेवढ्यात तो स्वस्तातला बल्ब मेलाच. मी सायकल चालवून बघायला गेले, पुलाच्या उतारावरून सुटले. आमच्या गावात उतार म्हणजे तो एकच. वेग वाढला, प्रवाह वाढला, एकदम लख्ख उजेड, माझी किंकाळी, आणि मग कायमचा अंधार.

मग शहरातून नीट मागवला. जुन्या दिव्याच्या पोटात बसणारा, आत ती समजूत घालणारी छोटीशी चकती असलेला. क्रोमचं जुनं भांडं मात्र बाहेरून तसंच ठेवलं, कारण आत्या म्हणाली, "माझा चेहरा बदलू नकोस." स्वतःच्या चेहऱ्याबद्दल नव्हे, सायकलच्या. आणि सगळं लावलं, वायर जोडली, चाक फिरवलं... काही नाही. ठार अंधार. मी वायर काढली, लावली, काढली, लावली, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी कळलं, या जुन्या सायकलींना वायर एकच असते. प्रवाह वायरीतून जातो आणि परत येतो तो सायकलच्या सांगाड्यातून, लोखंडातून. आणि आमच्या काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, देव त्यांना सुखी ठेवो, मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात सायकलला प्रेमानं रंगाचे तीन हात दिलेले, दिव्याच्या पट्टीसकट. परतीची वाटच बंद. मग पॉलिश पेपर घेऊन बसले, पट्टीखालचा रंग नखाएवढा खरवडला, स्क्रू आवळला, चाकाला झटका दिला, आणि समोरची अख्खी भिंत पांढरी झाली. भिंतीवर मांजर होतं, ते गेलं ते संध्याकाळपर्यंत आलं नाही.

दिवा उत्तम आहे हो. दिव्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आणि त्यातली सगळ्यात भारी गोष्ट तर मी आत्याला स्वतः समजावून सांगितली होती. म्हटलं, "आत्या, याच्या आत थोडा प्रवाह साठून राहतो. डायनामो घसरू दे, तू थांब, उतर, तरी दिवा चार-पाच मिनिटं चालू राहतो, मग हळूहळू विझतो. आता पुलापाशी अंधार नाही." पण तेव्हा रेडिओवर हवामान चाललं होतं, आणि हवामान चालू असताना आत्या स्वतःचं नावसुद्धा ऐकत नाही. "हो हो," म्हणाली. "नैऋत्येचा वारा आहे उद्या." मग थोड्या वेळानं म्हणाली, "जुना काय वाईट होता गं?" मला जरा लागलंच ते. बोटं सोलली होती माझी.

तर आता या परवाच्या गुरुवारवर.

साडेचारला निघाली आत्या तिकडून. आणि काय सांगू, काय उजेड. एरवीचा तो उदबत्तीचा ठिपका कुठं आणि हा कुठं. बांधावरून नवरीसारखा आला. डायकेमाबाईंचा लगेच फोन. आमच्याकडे फोन उचलला की आधी आपलं नाव सांगायचं, हॅलोबिलो नाही, लहानपणापासून तशीच सवय लागते, झोपेतून उठवलं तरी माणूस आधी नाव सांगतो. तर मी म्हटलं, "रेन्स्के." पलीकडून, "डायकेमा. अगं, फेन्ना आहे की मालगाडी?" मला इतका आनंद झाला. म्हटलं, "नवीन दिवा बसवलाय." म्हणाल्या, "दिसतोय. माझ्या कपाटातल्या बश्या दिसतायत त्या उजेडात. येल्मरला कळवते."

म्हटलं, कळवा. आनंदानं कळवा.

आणि मग दिवा पुलापाशी आला आणि थांबला.

मी वाट बघितली. म्हटलं, डायनामो घसरला असेल, पण म्हणून आत्या का थांबेल? दिवा चालू आहे की. उजेड आहे, रस्ता दिसतोय, मग चाल ना बाई पुढं. नाही. दिवा तिथंच. शिवाय तो रस्त्याकडे बघत नव्हता, वाकडा होऊन पाण्याकडे बघत होता, पाण्यावर लांबच लांब पांढरा पट्टा पडलेला. सायकल कधी पाण्याकडे तोंड करून उभी राहते? माणूस पडल्यावर. नाही तर टेकवून ठेवल्यावर, पण तिथं टेकवायला आहे काय? पुलाशी एकच घर, हार्म बोल्हाउसचं, त्याचं कुंपण. आणि हार्मच्या घराशी आत्याचा काय संबंध? तो विधुर माणूस, बरा आहे बिचारा, बागेत कोबी लावतो, पण तो दुसऱ्या चर्चचा. आता आमच्या भागात एवढीशी वस्ती आणि चर्च दोन, आणि या चर्चचे लोक त्या चर्चवाल्यांच्या बेकरीतून पाव घेत नाहीत, हे तुम्हाला काय सांगायचं. काका तर हार्मच्या कोंबडीलासुद्धा वाट देत नसत.

आत्याचा मोबाइल लावला. वाजला, वाजला, वाजला. तो मोबाइल सायकलच्या पिशवीत असतो, रेनकोटच्या खाली, कारण आत्याचं म्हणणं, वापरला की संपतो. म्हणजे तिकडे बांधावर, त्या दिव्याशेजारी, पिशवीत तो एकटाच वाजत असणार.

पुन्हा लावला. नाही.

डायकेमाबाईंचा फोन. "डायकेमा. अगं, थांबलीय ती."

म्हटलं, "हो."

"पूर्वी विझायची, आता थांबलीय. विझली की कळायचं, चालतेय. थांबलीय म्हणजे काय समजायचं?"

मला काय माहीत काय समजायचं? इतकी वर्षं अख्ख्या गावाला दिव्याची भाषा पाठ होती, आणि मी एका पदवीच्या जोरावर ती बदलून ठेवली. म्हटलं, "समोरून वारा असेल." स्वतःच्याच तोंडून ते ऐकून मला कसंसंच झालं.

आणि तेवढ्यात, नशीब बघा, येल्मर. "येल्मर. कसा आहे दिवा?"

खिडकीतून बघतेय, दिवा पाण्यावर पडलाय, बटाट्याचं पाणी उकळून शेगडीवर उतू जातंय, आणि मी म्हणते, "उत्तम आहे. दिव्याबद्दल काही तक्रार नाही."

"डायकेमाबाई म्हणाल्या पुलापाशी आहे."

"हो, पुलापाशी आहे. पुलापाशी फार छान दिसतो."

"थांबलीय का ती?"

"थांबून बघत असेल. दिव्याकडे. नवीन आहे ना."

हे मी खोटं बोलले, आणि मला खोटं बोलता येत नाही, माझी मान लाल होते, फोनवरसुद्धा होते. पण दुसरं काय करणार? खरं सांगितलं तर सायकल टपावर आणि आत्या लिफ्टमध्ये. आणि खरं न सांगावं आणि आत्या खरंच पडलेली असली तर? येल्मर म्हणाला, "बरं." त्याच्या "बरं"मध्ये गाडीच्या किल्ल्या वाजल्या.

आणि मग दिवा मंदावायला लागला.

तुम्हाला सांगते, मला ठाऊक होतं. मीच बसवलाय, मीच वाचलंय, चार-पाच मिनिटं, मग साठवण संपते आणि दिवा हळूहळू जातो. सगळं ठाऊक होतं. पण खिडकीत उभं राहून, पाण्यावरचा तो पांढरा पट्टा आधी दुधासारखा, मग ताकासारखा, मग पाण्यासारखाच होत गेलेला बघताना काही ठाऊक असून उपयोग नसतो. मला एकच दिसत होतं, सायकल पाण्यात चाललीय, हळूहळू, क्रोमचा चेहरा वर करून. आणि मी मोठ्यानं हाक मारली, "आत्या." बंद खिडकीतून. दीड किलोमीटरवर. मांजर पुन्हा पळालं.

आता काय काय करता येतं? सायकल काढून मी जाऊ शकते, माझ्या सायकलला दिवाच नाही, सगळा वेळ आत्याच्या दिव्यात गेला. ॲम्ब्युलन्स बोलवू शकते, मग ती निळा दिवा फिरवत सबंध बांधावरून येणार, आणि येल्मरला सातव्या मजल्यावरून दिसणार. राहिलं काय? पुलाजवळचं एकुलतं एक घर. दुसऱ्या चर्चचा हार्म. त्याला फोन करायचा, म्हणायचं, "मी फेन्नाची भाची, आपण कधी बोललो नाही, जरा बाहेर येऊन कुंपणापलीकडे बघता का, माझी आत्या पाण्यात आहे का?" अनोळखी माणसाला फोन करण्याआधी मी एरवी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढते. या वेळी नाही लिहिलं. यावरून समजा.

त्याचा नंबर आमच्याकडे कसा असणार? डायकेमाबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "हार्मचा? तो कशाला?" आणि मग एकदम गप्प झाल्या. डायकेमाबाई कधी गप्प होत नाहीत. मग फार हळू आवाजात नंबर सांगितला, एकेक आकडा, जणू काही तरी उलगडत होत्या. माझं तिकडे लक्ष नव्हतं. लक्ष असतं तर तिथंच थांबले असते ना मी.

लावला नंबर. वाजतोय. मी कबूल करायला लागले, देवाजवळ, मनातल्या मनात: जुना दिवा परत लावते, उदबत्ती परत लावते, ती घसरू दे, विझू दे, तिला चालू दे अंधारात, फक्त असू दे. वाजतोय. तिकडे अंधार, दिवा नाही, ठिपका नाही. वाजतोय. हार्म म्हातारा आहे, उठायला वेळ लागतो, कोबीत असेल. वाजतोय. आणि इतक्यात कुणीतरी फोन उचलला.

मी तोंड उघडलं, "मी फेन्नाची..." एवढंच म्हणाले.

आणि त्याच क्षणी पलीकडून, घाईघाईत, तोंडात बिस्किट असावं अशा आवाजात, लहानपणापासूनच्या सवयीनं:

"फेन्ना."

मग कपात चमचा ढवळल्याचा आवाज. घड्याळाची टिकटिक. आणि मागून एक पुरुषी आवाज, अगदी शांत, घरातल्या माणसाशी बोलावं तसा: "अगं, फोन माझा आहे."

मी भिंतीला टेकून खाली बसले. रडले का हसले ते मला सांगता यायचं नाही. वर्षानुवर्षं पुलापाशी घसरणारा डायनामो, ओला टायर, विझणारा दिवा, लाल गाल, विस्कटलेले केस, आणि मी बोटं सोलून, रंग खरवडून, ती एवढीशी अंधाराची जागा शोधून काढून तिथं नेमका दिवा लावला. कुंपणाला टेकवलेला. पाण्यावर पट्टा पाडणारा. डायकेमाबाईंच्या कपाटातल्या बश्या दाखवणारा.

मग आत्यानं बिस्किट गिळलं आणि म्हणाली, "रेन्स्के? समोरून वारा आहे गं आज."

म्हटलं, "हो आत्या. दिसतोय इथून. डायकेमाबाईंनाही दिसला."